लेग-यील्ड म्हणजे शोल्डर-इन नव्हे

लेग-यील्ड आणि शोल्डर-इन या घोडेस्वारीतल्या, घोडा तिरका चालवायच्या दोन वेगळ्या हालचाली. पण घोडा जरा तिरका चालला की लगेच ‘काय छान शोल्डर-इन’ म्हणायचं, ही सवय काही सुटत नाही. बहुतेक वेळा ते लेग-यील्ड असतं, आणि तेही धड नसतं.

आधी लेग-यील्ड, थोडक्यात. स्वाराच्या पायाच्या दाबाने घोडा पुढे जाता जाता बाजूला सरकतो. घोडा अंगाने सरळ, फक्त डोकं जायच्या दिशेच्या उलट किंचित कललेलं. स्वाराला आतल्या डोळ्याची कड दिसली की पुरे. आतले दोन्ही पाय, पुढचाही आणि मागचाही, बाहेरच्या पायांच्या पुढून ओलांडून पडतात. (‘आतली’ म्हणजे घोड्याचं डोकं किंवा अंग जिकडे वळलंय ती बाजू, मैदानाची भिंत कुठे आहे याचा संबंध नाही.)

घोळ होतो तो बाकाचा, म्हणजे घोड्याच्या अंगाच्या वाकण्याचा. शोल्डर-इनमध्ये घोडा स्वाराच्या आतल्या पायाभोवती वाकलेला असतो. खांदे आत येतात, पण मागचे पाय ट्रॅकवर (भिंतीलगतच्या वाटेवर) सरळ पुढेच पडतात, ओलांडत नाहीत. ओलांडतो तो फक्त आतला पुढचा पाय. कोन साधारण 30 अंश. ताज्या ओढलेल्या वाळूत ठशांच्या तीन रेषा दिसायला हव्यात: भिंतीलगत बाहेरचा मागचा पाय, मधल्या रेषेवर आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा, सगळ्यात आत आतला पुढचा. चार रेषा दिसल्या आणि मागचे पायही ओलांडू लागले, की कोन जास्त झाला, बाक गेला, उरलं ते लेग-यील्ड. मग आतला मागचा पाय पोटाखाली येऊन वजन उचलायच्या ऐवजी बाजूला निसटतो. शोल्डर-इनने घोडा गोळा होतो, म्हणजे वजन मागच्या पायांवर घेतो, तो याच पायामुळे, त्यामुळे तो निसटला तर व्यायाम फुकट.

याहून वाईट म्हणजे आतला लगाम ओढून नुसती मान वाकवणं. मान आत, बाहेरचा खांदा बाहेर फुटलेला, धड मात्र भिंतीला समांतर. याला काहीच म्हणत नाहीत.

करायचं असं: कोपऱ्यात 10 मीटरचं वर्तुळ काढा. ते पुरं करून दुसऱ्याचं पहिलं पाऊल पडतंय तोच हाफ-हॉल्ट (क्षणभर आवरल्याचा इशारा) द्या आणि त्याच बाकात भिंतीलगत पुढे निघा. स्वाराचा आतला पाय तंगाजवळ (खोगिराच्या पट्ट्याजवळ), बाहेरचा किंचित मागे, म्हणजे घोड्याचा पुठ्ठा (मागचा भाग) बाहेर झुलणार नाही. खांदा आवरायचा तो बाहेरच्या लगामाने. खात्री हवी तर दोन-तीन पावलं आतला लगाम सैल सोडा. मान तशीच राहिली तर बाक खरा.

शिकवायचा क्रम मात्र लेग-यील्ड आधी, आणि तेही मैदानाच्या आतल्या रेषेवरून भिंतीकडे जात. भिंतीकडे तोंड करून घासत बसणं मला पटत नाही. घोडा पायाला उत्तर द्यायला शिकत नाही, भिंतीला थांबायला शिकतो. दोन्हींत ताल बिघडला की कोन सोडून द्या, सरळ पुढे काढा आणि पुन्हा वर्तुळापासून सुरू करा.