हलक्या विमानांनी नक्की काय बदललं?

पहिल्यांदा ड्रीमलायनरमध्ये खिडकीची सीट मिळाली तेव्हा मी बराच वेळ नुसता पंखाकडे बघत बसलो होतो. जमिनीवर सरळ दिसणारा पंख हवेत गेल्यावर टोकाकडे वर उचलला गेला, धनुष्यासारखा वाकला आणि तसाच राहिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, हे मोडणार तर नाही ना?" नाही मोडत, तो कार्बन फायबरचा आहे आणि वाकावा म्हणूनच तसा बनवलाय.

बोईंग ७८७ म्हणजे ड्रीमलायनरच्या सांगाड्यात वजनाने जवळपास निम्मा भाग कंपोझिटचा, म्हणजे मुख्यतः कार्बन फायबर आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट पदार्थ) मिळून बनलेल्या मटेरियलचा आहे, एअरबस ए३५० मध्ये ५३ टक्के. कार्बनचा धागा आपल्या केसापेक्षा साधारण दहापट बारीक, रेझिनमध्ये भिजलेल्या त्याच्या पट्ट्या साच्यावर गोधडीसारख्या थरावर थर बसवतात, एका थरात धागे उभे, पुढच्यात तिरके, मग आडवे, कारण धागा ताण सोसतो तो त्याच्या लांबीच्याच दिशेने, त्यामुळे जिकडे जोर जास्त येणार तिकडे थर वाढवायचे. मग ते सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे घराएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, भाजून काढायचं. ॲल्युमिनियमचे पत्रे जोडायला लागणारे हजारो रिव्हेट वाचतात. आणि हे सांगताना मला खरंच अभिमान वाटतो की ७८७ चे कंपोझिट फ्लोअर बीम, म्हणजे आपण ज्यावर चालतो त्या फ्लोअरखालच्या तुळया, नागपूरला मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनतात.

पण वजनाच्या मागे एवढं का लागायचं? ढोबळ हिशोब असा की विमानात जे काही जादा वजन असेल त्याच्या ३ ते ४ टक्के इंधन दर तासाला फक्त ते वजन हवेत धरून ठेवायला जळतं. मुंबई-न्यूयॉर्क १५-१६ तास, म्हणजे तुमच्या २३ किलोच्या एका बॅगेपायी दहा-पंधरा किलो इंधन गेलं. आता बॅगेऐवजी बॉडीचंच काही टन वजन कमी झालं असं समजा, मग इंधन कमी भरायचं, ते वाहून न्यायला लागणारं इंधनही कमी, म्हणून पंख थोडे लहान चालतात, इंजिन लहान चालतं, आणि विमान परत हलकं होतं.

तरी सगळं श्रेय कार्बनला देऊ नये. बोईंगच्याच जुन्या ७६७ च्या मानाने ७८७ ला सुमारे २० टक्के इंधन कमी लागतं, त्यात नव्या इंजिनांचा वाटा मोठा आहे. कंपोझिटचा प्रवाशाला मिळणारा फायदा वेगळाच आहे: ते गंजत नाही आणि हवेच्या दाबाने लवकर थकत नाही, म्हणून केबिनमध्ये थोडा दमटपणा ठेवता येतो आणि आतला दाब ८,००० ऐवजी ६,००० फुटांवरच्या हवेइतका ठेवता येतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जरासंच वर.

अहमदाबादला १२ जून २०२५ ला पडलेलं विमानही ७८७ च होतं, आठवलं की अजून पोटात कालवतं. प्राथमिक अहवालात मात्र दोन्ही इंजिनांचं इंधन बंद झाल्याची नोंद आहे, कंपोझिट बॉडीचा प्रश्न त्यात आलेला नाही.

माझ्या मते ह्या विमानांनी सगळ्यात जास्त बदलला तो नकाशा. एअरबसने ए३८० काढलं तेव्हा हिशोब होता की मोठ्या एअरपोर्टवर सगळ्यांना गोळा करायचं आणि ५०० माणसं एकदम न्यायची, चार इंजिनांचं ते विमान २०२१ मध्ये बनायचं थांबलं. त्याच्या जवळपास निम्म्या सीट्सचं दोन इंजिनांचं विमान तितकंच लांब जाऊ लागल्यावर गोळा कशाला करायचं? मार्च २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटस कंपनीने ७८७ वर पर्थ-लंडन सुरू केलं, जवळपास १४,५०० किलोमीटर, न थांबता १७ तास. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबई-मँचेस्टर थेट सुरू केलं तेही ७८७ वरच. गुडघे दुखणाऱ्या आईला व्हीलचेअर शोधत परक्या एअरपोर्टवर गेट बदलावं लागत नाही, ही गोष्ट छोटी नाही. आता एअरबसचं ए३२१एक्सएलआर आलंय, एकाच आइलचं, म्हणजे सीट्सच्या मधून एकच वाट असलेलं छोटं विमान, स्पेनच्या आयबेरिया कंपनीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये माद्रिद-बोस्टन उडवायला सुरुवात केली.

इंधनाच्या बाबतीत मात्र मला काळजी वाटते. एक किलो इंधन जळलं की ३ किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यात काही बदल झालेला नाही. दर माणशी इंधन कमी लागायला लागलं पण माणसं किती वाढली बघा, २००० साली जगभरात वर्षाला सुमारे १७० कोटी विमान प्रवासी होते, २०१९ ला ४५० कोटींच्या आसपास. वीस टक्के बचत ह्या वाढीपुढे टिकत नाही. त्यात विमानं काही मोबाइलसारखी तीन वर्षांनी बदलत नाहीत, आज फॅक्टरीतून निघालेलं विमान २०-२५ वर्षं उडणार, म्हणजे २०५० च्या आसपास आकाशात जी विमानं असतील त्यातली बरीच आत्ता ऑर्डर होतायत आणि ती सगळी केरोसीनच जाळणारी आहेत.