डीएनए बारकोडिंग (पर्यावरण अभ्यासातला वापर)

जिवाच्या डीएनएमधला एक ठरलेला छोटा तुकडा वाचायचा, आधी ओळख पटलेल्या नमुन्यांशी ताडायचा आणि प्रजाती ठरवायची, याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. प्राण्यांत हा तुकडा मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) सीओवन नावाच्या जनुकाचा, साधारण ६५० अक्षरांचा. वनस्पतींत तो फार हळू बदलतो म्हणून तिथे २००९ पासून आरबीसीएल आणि मॅटके या दोन जनुकांची जोडी, बुरशीला आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा.

सुरुवात कुणी केली यावर मात्र एकमत नाही. बहुतेक जण कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांच्या २००३ च्या पेपरचं नाव घेतात, पण 'डीएनए बारकोड' हा शब्द १९९३ मध्येच मलेरियाच्या परजीवीवरच्या एका पेपरात येऊन गेलाय, आणि कल्पना तर त्याहून जुनी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी १९७७ च्या सुमारास रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणारा कण) आरएनएवरून आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळे सूक्ष्मजीव) वेगळे काढले ते दुसरं काय होतं. प्रायमरसुद्धा (हवा तो तुकडा हेरून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे धागे) हेबर्टना आयते मिळाले, १९९४ चे फोल्मर यांचे. तरी सगळ्या प्राण्यांना एकच तुकडा आणि त्याची एक सामायिक लायब्ररी (ओळख पटलेल्या नमुन्यांच्या तुकड्यांचा साठा, पुढे तीच बोल्ड नावाने) हा आग्रह हेबर्ट यांचाच, त्यामुळे श्रेय तिकडे गेलं तर फारसं बिघडत नाही.

गोची लायब्ररीत आहे. ससून डॉकवर कोळणीच्या पाटीतलं पापलेट घ्या, पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत टाका, पुढचं काम लॅबचं. पण २०२३ मध्ये राज्यमासा झालेलं हे पापलेट पुस्तकांत पाम्पस अर्जेंटियस, आणि डीएनए तपासणाऱ्यांच्या अलीकडच्या मते आपल्या किनाऱ्यावरचं पाम्पस कँडिडस. लायब्ररीत जुन्या नावाने टाकलेले नमुने असतील तर मॅच अगदी शंभर टक्के येईल आणि नाव तरीही चुकेल. म्हणून ज्याचा तुकडा कापला तो अख्खा मासा बरणीत जपून ठेवावा लागतो, म्हणजे नंतर कुणाला शंका आली तर काटे-पर मोजता येतात.

मासा न पकडता नुसत्या पाण्यातला डीएनए वाचायची पद्धतही आता चांगलीच रुळलीये, तिथे १२एस जनुक जास्त चालतं. त्यातून प्रजातींची यादी मिळते, डोकी मोजता येत नाहीत. शिवाय मुंबईसारख्या ठिकाणी खाडीच्या पाण्यात सुरमई निघाली म्हणून ती तिथे पोहत होती असं नाही, कुणाच्या तरी मोरीतून गटारामार्गे आलेली असू शकते.