सर पीटर डी ला मेअर

चौदाव्या शतकातील इंग्लिश नाइट, हेरफर्डशर परगण्याचा संसदेतील प्रतिनिधी आणि 1376 च्या ‘गुड पार्लमेंट’मध्ये कॉमन्सच्या (परगण्यांच्या व शहरांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाच्या) वतीने बोलणारा पुढारी. महाभियोगाची सुरुवात त्याच संसदेत झाली असे मानतात. वेल्श सरहद्दीवरचा बडा उमराव, अर्ल ऑफ मार्च एडमंड मॉर्टिमर याचा तो कारभारी होता. धन्याच्या जमिनी, खंडवसुली, जमाखर्च तपासणे हा अशा कारभाऱ्याचा रोजचा धंदा. संसदेत त्याने राजाच्या माणसांचा हिशेब मागितला, तोही त्याच सवयीने.

फ्रान्सशी युद्ध 1369 मध्ये पुन्हा पेटले होते. 1375 पर्यंत इंग्रजांच्या हाती कॅले आणि बोर्दो-बायोनच्या बाजूची किनारपट्टी एवढेच उरले. तिसरा एडवर्ड म्हातारा व आजारी. कारभार त्याचा मुलगा जॉन ऑफ गाँट पाहत असे. 1373 नंतर संसद भरलीच नव्हती. खजिना रिकामा झाल्यावर ती बोलवावी लागली, आणि 28 एप्रिल 1376 ला वेस्टमिन्स्टर येथे ती भरली तेव्हा चान्सलरने (राजाच्या मुख्य मंत्र्याने) पहिल्यांदा काढली ती नव्या कराची गोष्ट.

कॉमन्स बसत असत वेस्टमिन्स्टर मठाच्या अष्टकोनी सभागृहात. त्यांत 37 परगण्यांचे प्रत्येकी दोन नाइट आणि शहरांचे प्रतिनिधी. नाइटला दिवसाचे 4 शिलिंग, शहरवाल्याला 2. पैसे ज्याचे त्याच्या परगण्याने किंवा शहराने द्यायचे. यॉर्कच्या एका मठातल्या बखरीत या बैठकांची जी हकीकत आहे, तिच्या तोडीचा तपशील सरकारी दप्तरात सापडत नाही. आधी सर्वांनी एकमेकांना शपथ घातली: इथले बोलणे बाहेर फुटणार नाही. मग एकेक जण उठून मधल्या लाकडी पीठाशी येई आणि बोले. पैसा मुरतो कुठे ते कळल्याशिवाय कर नाही, हा बहुतेकांचा सूर. विस्कळीत भाषणांचा गोषवारा डी ला मेअरने इतका नेमका मांडला, की उमरावांपुढे त्यानेच बोलावे असे ठरले.

उमरावांच्या दालनात शिरताना दारावर मोजक्याच लोकांना आत घेतले. बाकीच्यांना मागे रेटले. दोन-तीन माणसे पुरेत, असे गाँटचे म्हणणे. सगळे आत आल्याखेरीज आपण तोंड उघडणार नाही, असे डी ला मेअरने सांगितले आणि ते पाळले. पुढे त्याने सल्ल्यासाठी 4 बिशप, 4 अर्ल आणि 4 बॅरन मागून घेतले. त्यांत त्याचा धनी मार्चही होता, हा काही योगायोग नव्हे.

मुख्य आरोपी दोघे: राजाचा चेंबरलेन (राजवाड्याचा कारभार पाहणारा अधिकारी) लॉर्ड लॅटिमर आणि लंडनचा व्यापारी रिचर्ड लायन्स. लोकर कॅलेच्या ठरलेल्या पेठेतूनच विकायची असा कायदा असताना त्यांनी परवाने विकून ती परस्पर बाहेर जाऊ दिली. राजाची थकलेली देणी बट्ट्याने विकत घेऊन खजिन्यातून पूर्ण वसूल केली. सर्वांत झोंबणारा आरोप कर्जाचा होता: राजाला 20,000 मार्क दिले आणि परतफेड ठरवली 20,000 पौंड. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. म्हणजे मुद्दलावर निम्मा नफा. पेठ राजा आणि त्याच्या मंडळाच्या हुकुमाने हलवली, असे लॅटिमर म्हणाला. डी ला मेअरजवळ कायद्यांचे पुस्तक होतेच. ते उघडून त्याने कलम मोठ्याने वाचले आणि संसदेत केलेला कायदा संसदेबाहेर मोडता येत नाही असे बजावले.

खरी नवी गोष्ट पुढची. फिर्यादी कोण, त्याचे नाव सांगा, असे लॅटिमरने विचारले. तोवर एक तर राजाने खटला भरायचा किंवा एकट्याने फिर्याद करून धोका पत्करायचा. फिर्याद सगळ्या कॉमन्सची मिळून आहे, हे डी ला मेअरचे उत्तर. न्याय उमरावांनी करायचा. एका सभागृहाने आरोप ठेवायचा आणि दुसऱ्याने निवाडा द्यायचा ही वाट इथे पडली; वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला याच वाटेने चालला आणि भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 61 मधली राष्ट्रपतींवरील महाभियोगाची तरतूद तिच्याच कुळातली. लॅटिमरचे पद गेले, लायन्सची मालमत्ता जप्त झाली, राजाच्या मर्जीतली ॲलिस पेरर्स दरबारातून हाकलली गेली.

पण सामुदायिक फिर्यादीत एक भोक होते. फिर्यादी सभा असेल, तर सभा उठली की फिर्यादी उरत नाही. 8 जूनला युवराज, म्हणजे गाँटचा थोरला भाऊ एडवर्ड (‘ब्लॅक प्रिन्स’), वारला आणि कॉमन्सचा मोठा आधार गेला. 10 जुलैला संसद संपली आणि सगळे घरोघर पांगले. काही महिन्यांत गाँटने बहुतेक निर्णय फिरवले. नोव्हेंबरमध्ये डी ला मेअर नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात कैद झाला, खटल्याविना. जानेवारी 1377 च्या संसदेत गाँटचाच कारभारी टॉमस हंगरफर्ड कॉमन्सचा स्पीकर झाला (दप्तरात हे पद मिळालेला पहिला माणूस तोच) आणि चौदा वर्षांवरच्या प्रत्येकावर 4 पेन्सची डोईपट्टी मंजूर झाली.

21 जूनला एडवर्ड वारला, तेव्हा कुठे डी ला मेअर सुटला. ऑक्टोबरात दुसऱ्या रिचर्डच्या पहिल्या संसदेत तो पुन्हा कॉमन्सच्या वतीने बोलला, आता स्पीकर म्हणून. या खेपेस कॉमन्सने कर दिला, पण तो फक्त युद्धावर खर्च होतो की नाही हे पाहायला विल्यम वॉलवर्थ आणि जॉन फिलपॉट हे लंडनचे दोन व्यापारी खजिनदार नेमून घेतले.