सबवूफरचे इक्वलायझेशन (घरगुती)

स्वतः बांधलेल्या सबवूफरच्या प्रतिसादातील (निरनिराळ्या कंप्रतांना निघणाऱ्या आवाजाच्या पातळीतील) चढउतार फिल्टरांनी कमी करून होम थिएटरमधील खर्ज सपाट करण्याची पद्धत. बोलण्यात नुसते ‘ईक्यू’. साधारण २० ते ८०, फार तर १२० हर्ट्‌झ या पट्ट्यातच ती वापरतात. या पट्ट्यातील दोष पेटीतून येतात आणि खोलीतूनही. दोन्हींवर एकच उपकरण चालते, पण मोजणी निराळी करावी लागते. पेटीचे काम आधी आटोपून मगच खोलीला हात घालणे श्रेयस्कर.

पेटीची दुरुस्ती : बंद पेटीतील वूफरचा प्रतिसाद अनुस्पंदन कंप्रतेखाली (ज्या कंप्रतेला शंकू व पेटीतील हवा आपसूक डोलतात तिच्याखाली) दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. ए. एन. थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७२–७३) यांच्या विश्लेषणानुसार हा उतार अनुस्पंदन कंप्रता व क्यू (अनुस्पंदन किती तीव्र व अरुंद आहे त्याचे माप) या दोन आकड्यांत पुरता सांगता येतो. हे आकडे ड्रायव्हरच्या (पेटीत बसवलेल्या वूफरच्या) माहितीपत्रकावरून काढण्यापेक्षा तयार पेटीच्या संरोध-आलेखावरून (कंप्रतेनुसार बदलणाऱ्या विद्युत रोधाच्या आलेखावरून) काढावेत. उदा., कॉइलचा एकदिश रोध ३·६ ओहम असून ४५ हर्ट्‌झला संरोधाचे शिखर २२·५ ओहम आहे. गुणोत्तर ६·२५, त्याचे वर्गमूळ २·५. म्हणून ३·६ × २·५ = ९ ओहम संरोध शिखराच्या दोन्ही अंगांना कुठे मिळतो ते पाहायचे. तो ३६·१ व ५६·१ हर्ट्‌झला मिळाला, तर यांत्रिक क्यू = ४५ × २·५ ÷ २० = ५·६ आणि एकूण क्यू = ५·६ ÷ ६·२५ = ०·९. पेटीचा सांधा किंवा ड्रायव्हरखालची गॅस्केट हवा सोडत असेल, तर शिखर बुटके दिसते आणि पुढचे सगळे गणित चुकते. म्हणून गळती आधी बंद करावी.

हे दोन आकडे इलेक्ट्रॉनिक रीत्या बदलून पेटी जणू अधिक खालच्या कंप्रतेची करणाऱ्या मंडलाला ‘लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म’ म्हणतात. झिगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) यांच्या १९७८ च्या सुमाराच्या लेखनाकडे त्याचे श्रेय जाते. बंद पेटीच्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीवर डब्ल्यू. मार्शल लीच (१९८१) तसेच ग्राइनर व शोसो (१९८३) यांचेही निबंध आहेत. नाव मात्र लिंकविट्झ यांचेच रूढ झाले. वरील पेटी ४५ वरून २२·५ हर्ट्‌झवर, ०·७ क्यूला नेली, तर सर्वांत खाली १२ डेसिबल वाढ मिळते. त्याची किंमत १६ पट शक्ती. शिवाय तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायला शंकूला चौपट सरकावे लागते. त्यामुळे १५ हर्ट्‌झच्या आसपास उच्चपारक फिल्टर (त्याखालच्या कंप्रता अडवणारा) लावावा आणि डिजिटल उपकरणात आधीच १२ डेसिबल जागा मोकळी ठेवावी. नाहीतर अँप्लिफायर शांत असताना प्रोसेसरच क्लिप होतो (मर्यादा ओलांडून तरंगांची टोके कापतो). पोर्टच्या (हवेसाठी नळी ठेवलेल्या) पेटीला ही युक्ती लागू नाही. पोर्टच्या कंप्रतेखाली शंकूवर हवेचा दाब उरत नाही. तिथे वाढ दिली तर ड्रायव्हर खाली आपटतो.

निकाल तपासताना खोली वगळायची असते. त्यासाठी माइक शंकूच्या अगदी जवळ धरतात. डी. बी. कील (१९७४) यांच्या निकषाने १ डेसिबल अचूकतेसाठी हे अंतर शंकूच्या त्रिज्येच्या ०·११ पटीहून कमी हवे. १२ इंची ड्रायव्हरला साधारण दीड सेंटिमीटरच्या आत.

पॅरामेट्रिक फिल्टरचा उगम : कंप्रता, वाढ-घट आणि क्यू हे तिन्ही स्वतंत्रपणे बदलता येणारा फिल्टर हे खोलीच्या दुरुस्तीचे मुख्य हत्यार. त्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. कंप्रता सरकवता येणाऱ्या मंडलासाठी डॅनियल फ्लिकिंगर यांनी १९७१ मध्ये पेटंटचा अर्ज केला व १९७३ मध्ये ते मंजूर झाले. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे निबंध वाचला. ‘पॅरामेट्रिक’ हे नाव त्यातून रुळले. बर्जेस मॅकनील यांचा या कामातील सहभागही सांगितला जातो. सरकती कंप्रता हा निकष धरला तर फ्लिकिंगर यांचा दावा आधीचा. तिन्ही घटकांचे स्वातंत्र्य धरले तर मॅसेनबर्ग यांची बाजू अधिक भक्कम वाटते.

क्यूची व्याख्या सर्व उपकरणांत एकसारखी नसते, ही व्यवहारातली मोठी खोच. काही जुन्या यंत्रांत तर क्यूऐवजी सप्तकाच्या साठाव्या भागांत पट्टारुंदी द्यावी लागते. त्यामुळे एका यंत्रातले आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे उतरवले, की शिखर अर्धवट कापले जाते. आरईडब्ल्यूसारख्या (रूम ईक्यू विझार्ड) मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपले उपकरण आधी निवडावे ते यासाठीच.

खोलीची दुरुस्ती : ५ × ३·५ × २·९ मी. खोलीत पहिली अप्रगामी तरंगे (समोरासमोरच्या भिंतींत अडकून जागच्या जागी घुमणारी) सुमारे ३४, ४९ व ५९ हर्ट्‌झला पडतात (ध्वनिवेग भागिले अंतराची दुप्पट). विटांच्या भिंती, स्लॅब आणि फरशी असलेले मुंबई-पुण्याचे आरसीसी फ्लॅट जिप्सम बोर्डाच्या घरांपेक्षा खर्ज कमी शोषतात, म्हणून शिखरे उंच आणि अरुंद येतात. पट्टारुंदी ५ हर्ट्‌झ असेल तर आवाज ६० डेसिबल विरायला २·२ ÷ ५ म्हणजे ०·४४ सेकंद लागतो. ३४ हर्ट्‌झच्या अशा शिखराला सुमारे ७ क्यूचा कापणारा फिल्टर बसतो. तो नेमका बसला तर उंचीबरोबर घुमणेही कमी होते.

जागा ठरवताना सबवूफर ऐकणाऱ्याच्या आसनावर ठेवून माइक भिंतीकडेने फिरवावा. जिथे आलेख सर्वांत कमी खडबडीत, ती सबवूफरची जागा. मग कॅलिब्रेशन फाइल (माइकच्या स्वतःच्या चुकांची नोंद) असलेला माइक कानाच्या उंचीवर ठेवून १५ ते २०० हर्ट्‌झचा स्वीप (सलग चढत जाणारा सूर), स्मूदिंगशिवाय (आलेख गुळगुळीत न करता), सोफ्याच्या पाच-सहा ठिकाणी घ्यावा. सगळीकडे दिसणारी शिखरेच कापावीत. तीन-चार फिल्टर बहुधा पुरतात. खळगे भरू नयेत. सबवूफरमागची भिंत १·२५ मी. दूर असेल, तर ६९ हर्ट्‌झच्या सुमारास परावर्तित तरंग थेट तरंगाला मारतो. तिथे ६ डेसिबल वाढवायला चौपट शक्ती लागते, पण परावर्तनही तेवढेच वाढते आणि खळगा जागच्या जागी राहतो. माइक ३० सेंमी. हलवल्यावर खळगा सरकला किंवा नाहीसा झाला, तर तो फिल्टरचा विषय नाही. पेटी भिंतीला टेकवावी.

फिल्टरांनी फेज (तरंगाची वेळेतील स्थिती) बदलतो, म्हणून मुख्य स्पीकरांशी जुळवणी शेवटी करतात. ८० हर्ट्‌झचा क्रॉसओव्हर (सबवूफर व मुख्य स्पीकर यांच्यातील वाटणीची कंप्रता) ठेवून दोन्ही एकत्र वाजवावेत आणि त्या कंप्रतेवर बेरीज सर्वाधिक येईल असा विलंब द्यावा (१ मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंमी.). सबवूफरची पोलॅरिटी (अधिक-उणे जोडणी) उलटी केल्यावर तिथे खोल खळगा पडला, तर जुळणी बरोबर आहे.

एकाहून अधिक सबवूफर : टॉड वेल्टी (२००२) यांच्या अभ्यासात आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन, किंवा चारही भिंतींच्या मध्यावर वा चारही कोपऱ्यांत चार सबवूफर ठेवल्यास आसनांमधला फरक घटतो असे आढळले. हे काम ईक्यूच्या आवाक्याबाहेरचे आहे, कारण एक फिल्टर सर्व आसनांवर सारखाच परिणाम करतो. आयताकृती नसलेल्या किंवा स्वयंपाकघराला जोडून उघड्या असलेल्या खोल्यांना हे निष्कर्ष थेट लावता येत नाहीत. तिथे प्रत्येक जागा मोजूनच ठरवावी लागते.