परीस सापडलाय, पण एकेक अणू मोजून

परीस लावला की लोखंडाचं सोनं होतं ही गोष्ट सगळ्यांनीच ऐकलेली असते, आणि गंमत म्हणजे एका मूलद्रव्याचं दुसरं करणं खरंच जमतं. 1919 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डने नायट्रोजनवर अल्फा कण (हेलियमची अणुकेंद्रकं) मारून प्रोटॉन बाहेर काढले, त्यात नायट्रोजनचा ऑक्सिजन होतो हे 1925 मध्ये ब्लॅकेटच्या फोटोंत दिसलं. सोनंही झालंय, 1980 मध्ये रसायनशास्त्रज्ञ सीबोर्ग आणि मंडळींनी बिस्मथ या धातूपासून केलं, पण डोळ्याला दिसणारही नाही इतकं, खर्चाचं तर विचारूच नका. तेव्हा सोनं राहू दे, हीच युक्ती अणुभट्ट्यांच्या किरणोत्सारी कचऱ्यावर चालते का ते बघू.

अणुभट्टीतून वापरून काढलेल्या इंधनात साधारण 95 टक्के युरेनियमच असतं, टक्काभर प्लुटोनियम, बाकी विखंडनाचे, म्हणजे अणू फुटून झालेले, तुकडे आणि चिमूटभर नेप्चुनियम, अमेरिशियम, क्युरियम. लांबची डोकेदुखी मुख्यतः प्लुटोनियम आणि या चिमटीची, कारण प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्यच (निम्मे अणू संपायला लागणारा काळ) 24 हजार वर्षं; नावापुढचा आकडा म्हणजे अणुकेंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून. यांना वेगवान न्यूट्रॉन मारले की ते फुटतात, वर ऊर्जाही मिळते. ते नीट वेगळे काढून जाळता आले तर कचऱ्याचा धोका मूळ युरेनियम खनिजाइतका उतरायला लाखभर वर्षांऐवजी काही शे वर्षं पुरतील.

तुकड्यांमध्ये टेक्नेशियम-99 चं उदाहरण मला फार आवडतं. अर्धायुष्य 2 लाख 11 हजार वर्षं, पण एक न्यूट्रॉन गिळला की तो होतो टेक्नेशियम-100, जो काही सेकंदांत रुथेनियम-100 होऊन शांत बसतो. विषय संपला!

पण सगळे इतके गुणी नसतात. सिझियम-135 ला न्यूट्रॉन द्यायला जावं तर सोबत सिझियम-133 असतो, रासायनिक दृष्ट्या दोघं अगदी सारखे, निवडून काढणं महाकठीण, आणि हा 133 दोन न्यूट्रॉन खाऊन स्वतःच 135 होतो. म्हणजे कचरा कमी करायला गेलो आणि नवा तयार करून बसलो. शिवाय प्रत्येक अणूमागे निदान एक न्यूट्रॉन खर्ची पडतो आणि न्यूट्रॉन काही फुकट येत नाहीत.

ते आणायचा एक मार्ग म्हणजे अॅक्सिलरेटर, कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र. वेगवान प्रोटॉन शिसं-बिस्मथच्या रसावर आदळायचे, त्यातून न्यूट्रॉन उधळतात, ते अशा भट्टीत सोडायचे जी स्वतःच्या जिवावर चालूच शकत नाही, त्यामुळे प्रोटॉनचा झोत बंद केला की अणू फुटण्याची साखळी विझते (तापलेलं इंधन थंड ठेवावं लागतंच). बेल्जियममध्ये मोल इथे मिर्रा नावाचा असा प्रकल्प हाती घेतलाय.

सिझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 मात्र न्यूट्रॉनला फारशी दादच देत नाहीत. त्यांची अर्धायुष्यं 30 वर्षांच्या आसपास, म्हणून 300 वर्षं सांभाळत बसणंच स्वस्त पडतं. आणि जो कचरा आधीच काचेत ओतून घट्ट केलाय तो पुन्हा फोडून, विरघळवून त्यातला अमेरिशियम वेचायला जवळपास कुणीच तयार नाही, तो जमिनीखालीच जाणार.