लाकडी ब्लेडचा ‘फील’ येतो कुठून?

ब्लेड म्हणजे रॅकेटची रबरखालची फळी. कार्बनच्या ताठ तंतूंचे थर घातलेलं ब्लेड सोडून पुन्हा साध्या पाच थरांच्या लाकडी ब्लेडकडे वळलेल्या टेबल टेनिसपटूंकडून ठरावीक वाक्यं ऐकायला मिळतात. ‘बॉल हाताला कळतो.’ ‘ब्लेड बॉल धरून ठेवतं.’ ‘जेवढा जोर लावू तेवढाच जातो.’ टेबलापासून चार पावलं मागे गेलं की ताकद कमी पडते, ही तक्रारही असतेच. पण पुश (हलकेच ढकललेला फटका), नेटलगतचा आखूड रिटर्न आणि सावकाश उचललेला लूप (बॉल घासून भरपूर फिरकी दिलेला फटका) यांसाठी लाकडाला मिळणारी दाद मनापासूनची असते. ही दाद आणि ती तक्रार, दोन्हींचं मूळ एकच आहे.

आधी त्या ‘धरून ठेवण्या’बद्दल. बॉल रबरला टेकून सुटेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हाताची संवेदना मेंदूत पोचायलाच वीसेक मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा मीटर वेगाने निघालेला बॉल तेवढ्या वेळात वीतभर पुढे गेलेला असतो. बॉल ब्लेडवर थांबल्यासारखा वाटतो तेव्हा तो तिथे नसतोच.

तरीही हा भास नव्हे. हाताला कळतं ते ब्लेडचं थरथरणं. फटका बसला की पातळ लाकूड किंचित वाकतं आणि बॉल निघून गेल्यावरही काही काळ कंप पावत राहतं. तळव्याच्या त्वचेत खोलवर कंपनं टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदक कणिका असतात. सेकंदाला २०० ते ३०० कंपनांना त्या सर्वाधिक तीव्र प्रतिसाद देतात, आणि हजाराच्या पलीकडे त्यांची जाणीव झपाट्याने मंदावते. लवचिक ब्लेडची कंपनं संथ आणि मोठी, ताठ ब्लेडची जलद आणि लहान. म्हणून लवचिक लाकूड हाताशी जास्त बोलतं. बॉल मधोमध बसला की कडेला, घासून गेला की ठोकला गेला, हे त्या कंपनातून कळतं आणि पुढच्या फटक्याला मनगट त्याप्रमाणे बदलतं.

आता तक्रारीकडे. ब्लेड वाकवण्यात बॉलची काही ऊर्जा खर्च होते. तिचा एक भाग बॉलला परत मिळतो, उरलेला कंपनात राहतो. हाताला जे जाणवतं ती बॉलकडून निसटलेली ऊर्जा आहे! हलक्या स्पर्शात रबरखालचा स्पंजच बहुतेक काम करतो, ब्लेड फारसं वाकत नाही. जोरदार फटक्यात स्पंज दाबला जातो, ब्लेडवर भार येतो आणि लवचिक लाकूड वेगाचा थोडा हिस्सा आपल्याकडे ठेवून घेतं. नियंत्रण मिळतं ते यामुळे, आणि मागून खेळताना ताकद कमी पडते तीही यामुळेच.

ब्लेड किती वाकणार हे कशावर ठरतं, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्याच लाकडाचं ब्लेड ५.७ऐवजी ६.३ मिलिमीटर जाड केलं तर ते सुमारे ३५ टक्के जास्त ताठ होतं. शिवाय बाहेरचे थर मधल्या थरापेक्षा कितीतरी जास्त भार उचलतात. समजा ब्लेड ५.८ मिलिमीटरचं आहे, मधला थर ३.८चा आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे दोन-दोन थर. सगळं लाकूड एकसारखं आणि एकाच दिशेचं धरलं तरी जाडीचा दोन तृतीयांश भाग व्यापणारा मधला थर जेमतेम २८ टक्के ताठरपणा देतो, आणि सर्वांत बाहेरचे दोन पापुद्रे तब्बल ४३ टक्के. प्रत्यक्षात बाहेरच्या थरांच्या खालचे थर बहुधा आडव्या रेषेचे, म्हणजे लाकडाचे तंतू आडवे येतील असे, लावतात. रेषेच्या आडव्या दिशेत लाकूड दहा-वीस पट मऊ असतं, त्यामुळे बाहेरच्या थरांचा वाटा आणखी वाढतो. गाभा बहुतेकदा आयूस या हलक्या आफ्रिकी लाकडाचा असतो. तो तसाच ठेवून वर लिंबा हे मऊ लाकूड लावलं तर मऊ ब्लेड, कोटो हे टणक लाकूड लावलं तर कडक, हे खेळाडूंचं निरीक्षण या हिशेबाशी अगदी जुळतं.

कार्बनचा प्रभाव एवढा मोठा का, तेही इथेच उलगडतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच हवा, आणि तंतूंचा एकेक थर ०.३५ मिलिमीटर किंवा एकूण जाडीच्या ७.५ टक्के, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. तरी बाहेरच्या पापुद्र्याखाली तो थर बसवला की ब्लेडचा स्वभाव पालटतो.

निव्वळ लाकूड म्हणजे नवशिक्यांचं, हा समज मला पटत नाही. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाच्या रियू सुंग-मिननं सुवर्णपदक जिंकलं ते हिनोकी या जपानी सायप्रसच्या एकसंध ब्लेडवर. अशी पेनहोल्ड (पेनासारखी धरायची) ब्लेडं नऊ-दहा मिलिमीटर जाड असतात. हिनोकी हलकं असल्यामुळे एवढी जाडी परवडते. मात्र पुढे परिस्थिती बदलली. रबर फुगवून वेग वाढवणाऱ्या स्पीड ग्लूवर २००८मध्ये बंदी आली आणि २०१४पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिकचा बॉल आला. वेग आणि फिरकी दोन्ही घटल्यावर अनेकांनी ताठ ब्लेड जवळ केलं.

हाताइतकाच कानही महत्त्वाचा. १९५२च्या मुंबईतल्या जागतिक स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातोनं जाड स्पंजच्या रॅकेटनं पुरुष एकेरीचं विजेतेपद मिळवलं. फटक्याचा आवाजच येत नसल्यानं प्रतिस्पर्धी गोंधळून गेले होते. आजही जाणकार खेळाडू रबर न लावलेलं ब्लेड दांड्याशी हलकेच धरून त्यावर बॉल टपटपवतात. जाड, टणक ब्लेड उंच पट्टीत ‘टिक’ करतं, लवचिक ब्लेड खालच्या पट्टीत ‘टॉक’. मोबाइलवर मोजलं तर आकडा साधारण हजार ते दीड हजार हर्ट्झच्या आसपास येतो.

ही चाचणी एकाच मॉडेलच्या दोन ब्लेडांवरही करावी, कारण झाड साच्यातून निघत नाही. घनता बदलते, वजनात सहज पाच-सात ग्रॅमचा फरक पडतो आणि त्याबरोबर ताठरपणाही बदलतो. एकाच ब्लेडला कोणी मऊ म्हणतं, कोणी कडक, तेव्हा दोघंही खरं सांगत असण्याची शक्यता मोठी. त्यात बहुतेक जण नव्या ब्लेडवर नवंकोरं रबर चिकटवतात आणि आधीच्या मरगळलेल्या रबरशी त्याची तुलना करतात. ब्लेड खरंच जोखायचं असेल तर जुनं रबर काढून तेच नव्या ब्लेडवर लावावं आणि आधी नेहमीच्या पुशपासून सुरुवात करावी.