मुका मार आणि हृदयावरणाची सूज: नॉर्मल एक्स-रे पुरेसा नाही

दुचाकीचे हँडल किंवा मोटारीचे स्टिअरिंग छातीवर आदळल्यावर ‘एक्स-रे नॉर्मल आहे, बरगडी मोडलेली नाही, म्हणजे हृदयाला काही झालेले नाही’ असे सर्रास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे आणि धोकादायकही आहे. हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणाला येणारी सूज, म्हणजेच पेरिकार्डायटिस, बरगड्या शाबूत असतानाही येऊ शकते. कित्येकदा ती मार लागल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, ताप आणि छातीतील कळा घेऊन प्रकट होते.

दुखण्याची तऱ्हा येथे फार बोलकी असते. आडवे पडल्यावर आणि खोल श्वास घेतल्यावर कळ वाढते, तर पुढे झुकून बसल्यावर ती बरीच ओसरते. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे दुखणे, स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी घर्षणाची खरखर, ईसीजीच्या अनेक लीडमध्ये (हृदयाच्या विद्युत-आलेखाच्या वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या नोंदींत) उचललेला एसटी भाग किंवा खाली गेलेला पीआर भाग (हे त्या आलेखातील ठरावीक तुकडे), आणि आवरणात नव्याने साठलेला किंवा वाढलेला द्रव, या चारांपैकी किमान दोन गोष्टी आढळल्यास निदान होते.

एक्स-रेत हृदयाची सावली मोठी दिसायला साधारण २०० मिलिलिटरहून अधिक द्रव लागतो. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र थोडासा द्रवही दिसतो. मारानंतर हा द्रव रक्तही असू शकतो आणि झपाट्याने साठल्यास थोड्या प्रमाणातही रक्तदाब कोसळवतो. म्हणून धाप, चक्कर किंवा मानेच्या फुगलेल्या शिरा दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे आणि मार जुना असला तरी डॉक्टरांना आवर्जून सांगावा.